आठ व्हिला, एक मीटर
(दुबईतल्या आमच्या कंपाऊंडचा ग्रुप)

नितीन, व्हिला ३: सुप्रभात. आज पुन्हा पेव्हर्सवर पाणी. माझ्या गाडीखाली तळं साचलंय. नाव घेत नाही, कोणाच्या बागेतून येतं ते सगळ्यांना माहीत आहे.

हेमंत, व्हिला १: बिलही सगळ्यांना माहीत आहे. मीटर एक, वाटे आठ. माझ्याकडे फक्त एक कोरफड आहे.

सुधीरकाका, ॲडमिन: सुप्रभात 🙏 वैयक्तिक बोलू नये ही विनंती.

मंगलकाकू, व्हिला ८: नाव घे रे नितीन, मी काय परकी आहे का? पण माझा झाडांना पाणी द्यायचा दिवस काल नव्हता आणि आजही नाही. हे पाणी कुठलं ते बघ.

नितीन: काकू, तुमच्याबद्दल आदर आहेच. पण वाळवंटात केळी लावायची हौस आठ घरांनी का सोसायची? इथे नदी नाही, समुद्राचं पाणी गोडं करून येतं. खप वाढला की दरही वरच्या टप्प्यात जातो. मालक म्हणतोय, सगळीकडे कृत्रिम हिरवळ टाकून देतो. मी हो म्हणणार आहे.

शुभांगी, व्हिला ६: 'मी हो म्हणणार आहे' म्हणजे? ग्रुपला न विचारता? पार्किंगच्या शेडचं असंच झालं होतं.

नितीन: शेडखाली पहिली गाडी कोणी लावली ते बोलू का मग?

राजू, व्हिला २: शेड नको, माझं बीपी वाढतं.

सुधीरकाका: शेडचा विषय बंद 🙏

हेमंत: बिलाचं बोला.

प्राजक्ता, व्हिला ५: कृत्रिम हिरवळ नको प्लीज. आमच्या आधीच्या घरी होती. जूनमध्ये संध्याकाळीसुद्धा मुलांना अनवाणी पाय ठेवता येत नव्हता.

मंगलकाकू: आणि गणपतीला ज्या दुर्वा माझ्याकडून नेता, त्यांची काही वेगळी लागवड नाही. मागची हिरवळच दुर्वांची आहे. खारट मातीत आणि या उन्हातही तग धरते. ती उखडून प्लास्टिक टाकणार असाल तर दुर्वा कुठून आणायच्या तेही आत्ताच ठरवा.

राजू: प्लास्टिकच्या एकवीस जुड्या. धुवा, वाळवा, पुढच्या वर्षी परत वाहा 😄

शुभांगी: राजूभावजी, देवाची थट्टा नको.

प्राजक्ता: काकू, विषय निघालाच आहे तर विचारते. माझ्या मोगऱ्याच्या पानांच्या कडा करपत चालल्यात. रोज दोन वेळा पाणी घालते, तरी.

मंगलकाकू: रोज घालतेस म्हणूनच. कुंडीच्या काठावर पांढरा थर दिसतोय का? नखाने खरवडून बघ.

प्राजक्ता: हो! मीठ सांडल्यासारखा.

मंगलकाकू: क्षारच आहेत ते. नळाचं पाणी खारट लागत नाही, तरी त्यात थोडे क्षार असतात, मातीतही असतात. ऊन पाणी ओढून घेतं, क्षार मागे राहतात. रोज तांब्याभर पाणी घातलं की ते वरच्या वितीतच साठतात आणि झाडाची मुळंही पाण्यासाठी तिथेच वर राहतात. म्हणून मी चौथ्या दिवशी पहाटे, उजाडायच्या आत, मुळाशी भरपूर पाणी सोडते. कुंडी असेल तर खालच्या भोकातून चांगलं वाहेपर्यंत. क्षार खाली निघून जातात आणि मुळं खोल उतरतात. पानांवर पाणी मारू नकोस, ते वाळतं आणि क्षार पानावरच बसतात. वर खजुराच्या झावळ्या तोडून पसर, माती उघडी ठेवू नकोस. नुसती रेती असेल तर शेणखत घाल, रेतीत पाणी थांबत नाही. लहान कुंडीला मात्र चार दिवस धीर निघणार नाही. बोट खुपसून बघायचं, दोन पेरं कोरडं लागलं तरच पाणी.

१६ एप्रिल २०२४ चा पाऊस आठवतो ना? गाड्या बुडाल्या ते सगळ्यांच्या लक्षात आहे. त्यानंतर माझ्या कढीपत्त्याला पोपटी पालवी आली, तशी मी इथे कधी पाहिली नव्हती. एका दिवसात माती धुऊन निघाली.

हेमंत: माहिती छान आहे. पण बिलाचं काय?

नितीन: तेच म्हणतो. बागकामाचा वर्ग वेगळा घ्या. दुबईची ती फुलांची मोठी बाग, मिरॅकल गार्डनसुद्धा उन्हाळ्यात बंद ठेवतात, त्यांना कळतं ते आपल्याला कळू नये?

मंगलकाकू: त्यांची हिवाळ्यातली फुलं आहेत, पिटुनिया वगैरे. मी मेमध्ये पिटुनिया लावत नाही. मेथी, कोथिंबीर, टोमॅटो ऑक्टोबरनंतर. आत्ता माझ्याकडे भेंडी आणि चवळी आहे. बाकी शेवगा, बोगनवेल, चाफा, तुळस. केळ शेवग्याच्या आडोशाला आहे, वर हिरवी जाळी आहे आणि तिला एसीचं पाणी जातं. दमट दिवसात बादल्याच्या बादल्या भरतात, त्यात नळाच्या पाण्यासारखे क्षार नाहीत आणि ते मीटरमधून येत नाही. तुमच्या सगळ्यांचं तेच पाणी गटारात जातं, ते कोणी मोजलंय?

सुधीरकाका: काकू, पिंपात डास होतील.

मंगलकाकू: झाकण आहे भाऊजी, तुम्हीच आणून दिलेलं.

सुधीरकाका: हो हो 🙏

मंगलकाकू: आणि वाळवंटात बाग ही माझी हौस नाही. अल ऐनचं ओॲसिस बघून या. वर खजूर, त्याच्या सावलीत आंबा, लिंबू, केळी, खाली चारा. फलजचं, म्हणजे तिथल्या जुन्या पाटाचं पाणी पाळीपाळीने, आमच्या धुळ्याकडे पांझरा नदीवरच्या फडाला, म्हणजे पाटाखालच्या शेतांना मिळायचं तसं. सावलीखाली सावली रचायची आणि पाणी पाळीने द्यायचं, म्हणून तिथे हिरवं टिकलं.

हेमंत: पाळी ठीक, बिल आठ भागांत का?

राजू: आता थट्टा नाही, नीट ऐका. काल रात्री अडीचला ड्यूटीवरून आलो. सगळीकडे अंधार, आणि मीटरचा काटा फिरत होता.

नितीन: कोणाची तरी टाकी भरत असेल.

राजू: असेल. म्हणून आज रात्री अकराला सगळ्यांनी आपापला मेन कॉक बंद करा. मी आणि आपला नातूर, म्हणजे वॉचमन, मीटरजवळ उभे राहतो.

सुधीरकाका: उत्तम सूचना. सर्वांनी सहकार्य करावे.

(रात्री)

राजू: आठही बंद आहेत, एकेक हात लावून बघितला. काटा फिरतोय.

शुभांगी: 😳

राजू: गेटकडच्या कुंपणाची माती ओली आहे. पेव्हर्स तिथूनच उताराला लागतात, खाली नितीनची गाडी.

मंगलकाकू: म्हणजे दमासची, त्या कुंपणाच्या झाडांची मुळं. पाण्याच्या ओढीने पाइपात शिरतात, सगळ्या आखातात हीच तक्रार आहे. आणि त्या कुंपणाला नातूर रोज संध्याकाळी पाइप धरतो, ते वेगळंच. मी तेव्हा म्हटलं होतं, तिथे गाफ लावा. गाफ म्हणजे आपली शमी. २००८ मध्ये या देशाने तिला राष्ट्रीय वृक्ष केलं. मुळं तीस मीटरपर्यंत खोल जातात, एकदा रुजली की फार पाणी मागत नाही. दसऱ्याला पूजाही झाली असती. पण वाढायला वेळ लागतो म्हणून कोणाला नको होती.

शुभांगी: धूळ येते, लवकर वाढणारं कुंपण हवं, असं कोण म्हणालं होतं ते मी सांगत नाही.

नितीन: धूळ सगळ्यांच्याच घरात येत होती. आणि अजून सिद्ध काहीच झालेलं नाही. आधी खोदून तर बघू.

सुधीरकाका: मालकाशी मी बोलतो. प्लंबर आणि खोदाई मेमध्येच उरकू. १५ जूनपासून दुपारी साडेबारा ते तीन बाहेरचं काम बंद असतं, आणि जुलैत अर्धे लोक भारतात.

प्राजक्ता: जुलैत आम्हीही नाही. मोगऱ्याचं काय करू?

मंगलकाकू: माझ्या शेवग्याखाली आणून ठेव, एसीच्या पाण्यावर राहील. त्याआधी उद्या पहाटे कुंडी दोनदा धुऊन काढ.

हेमंत: गळती निघाली तर आधीच्या बिलांचे पैसे मालक परत करणार का, हे लेखी घ्या.

नितीन: याला माझा पाठिंबा. कृत्रिम हिरवळीचं मालकाला तूर्त थांबा म्हणून सांगतो. तूर्त.

सुधीरकाका: शनिवारी सकाळी सहाला गेटवर. कुदळ कोणाकडे आहे?

मंगलकाकू: माझ्याकडे दोन आहेत. येताना पाण्याच्या बाटल्या आणा.