मॅकार्थीच्या आधीच नोकऱ्या गेल्या होत्या

पाऊलवाट

दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत देशांतर्गत कम्युनिस्टांची जी धास्ती पसरली, तिचा विषय निघाला की सगळं खापर सिनेटर जोसेफ मॅकार्थीवर फुटतं. परराष्ट्र खात्यात कम्युनिस्ट आहेत म्हणत आज २०५ नावं सांगणारा, लगेच ५७ वर येणारा बेछूट माणूस. १९५४ मध्ये सिनेटने ६७ विरुद्ध २२ मतांनी त्याचा निषेध केला आणि देश शुद्धीवर आला, अशी ती गोष्ट. मला ती पटत नाही, कारण तिच्यात खरा कर्ता सहीसलामत सुटतो.

मॅकार्थीने हा आरोप केला ते व्हीलिंगचं भाषण ९ फेब्रुवारी १९५०चं. त्याआधी जवळजवळ तीन वर्षं, २१ मार्च १९४७ रोजी, राष्ट्राध्यक्ष हॅरी ट्रूमन यांनी ९८३५ क्रमांकाचा आदेश काढला. केंद्र सरकारच्या सगळ्या नागरी कर्मचाऱ्यांची निष्ठा तपासायची. अ‍ॅटर्नी जनरलच्या संशयित संघटनांच्या यादीतल्या संघटनेशी नुसता 'सहानुभूतीचा संबंध' असला तरी तो विरोधात धरायचा. माहिती कुणी दिली, हे कर्मचाऱ्याला सांगायचं बंधन नाही.

आता हे प्रत्यक्षात कसं चालायचं ते बघा. डोरोथी बेली ही सरकारच्या रोजगार खात्यात प्रशिक्षणाचं काम बघायची, कर्मचारी संघटनेच्या स्थानिक शाखेची प्रमुख होती. ती कम्युनिस्ट पक्षाची सभासद असल्याचा आरोप झाला. तिने शपथेवर नाकारला, ओळखीच्या लोकांची प्रतिज्ञापत्रं ढिगाने दिली. तिच्याविरुद्ध एकही साक्षीदार समोर आला नाही; होते ते एफबीआयचे निनावी अहवाल. वकिलाने विचारलं, हे खबरे तिच्या संघटनेतल्या भांडणातले तर नाहीत ना? निष्ठा मंडळाचे अध्यक्ष सेथ रिचर्डसन यांनी सांगून टाकलं की ते कोण आहेत याची मला काडीमात्र कल्पना नाही. उलट तिला विचारलेला एक प्रश्न असा: रक्त वेगवेगळं ठेवण्याबद्दल तुम्ही रेड क्रॉसला कधी पत्र लिहिलं होतं का? युद्धकाळात रेड क्रॉस काळ्या आणि गोऱ्या रक्तदात्यांचं रक्त वेगळं साठवत असे. त्याला हरकत घेणं हा संशयाचा धागा ठरला!

बेलीची नोकरी गेली. अपील न्यायालय म्हणालं, सरकारी नोकरी हा हक्क नाही. १९५१ मध्ये सर्वोच्च न्यायालयात ४-४ अशी फूट पडली, म्हणून खालचा निकाल कायम राहिला. यात मॅकार्थी कुठे आहे?

तटबंदी

सहमत नाही. बेलीचं वाईट झालं, मान्य. पण तुम्ही धास्ती लिहिलीत आणि तिचं कारण गाळलंत. सप्टेंबर १९४५ मध्ये ओटावाच्या सोव्हिएत वकिलातीतला कर्मचारी इगोर गुझेन्को हेरगिरीची कागदपत्रं घेऊन बाहेर पडला. त्याच वर्षी सोव्हिएतांसाठी हेरगिरी करणारी एलिझाबेथ बेंटली एफबीआयकडे गेली आणि तिने सरकारी अधिकाऱ्यांची नावं घेतली. ऑगस्ट १९४९ मध्ये रशियाचा अणुस्फोट, जानेवारी १९५० मध्ये ब्रिटनचा अणुशास्त्रज्ञ क्लाउस फुक्सची हेरगिरीची कबुली. आणि १९९५ मध्ये अमेरिकेच्या गुप्त व्हेनोना प्रकल्पात उकललेल्या सोव्हिएत सांकेतिक तारा खुल्या झाल्यावर, हेरगिरीबद्दल मृत्युदंड झालेला ज्युलियस रोझेनबर्ग हेर होता की नव्हता, हा वाद संपला. लांडगा खरोखर आला होता.

दुसरं, कम्युनिस्ट पक्ष म्हणजे नुसतं मत नव्हतं. मॉस्कोने दिशा बदलली की हा पक्ष बदलायचा. आपल्याला हे नवं नाही. जून १९४१ मध्ये जर्मनीने रशियावर हल्ला केला आणि आपल्याकडच्या कम्युनिस्टांचं साम्राज्यवादी युद्ध लोकयुद्ध झालं. ४२च्या आंदोलनात ते कुठे होते हे महाराष्ट्रातली जुनी माणसं अजून विसरलेली नाहीत. अशा पक्षाचा माणूस परराष्ट्र खात्यात नको, असं सरकारला वाटलं तर त्यात अन्याय कसला?

आणि नोकरी जाणं म्हणजे फास नव्हे. डिसेंबर १९५२ मध्ये कम्युनिस्ट राजवटीने प्रागला आपल्याच पक्षाच्या नेत्यांवरच्या स्लान्स्की खटल्यातल्या ११ जणांना लटकवलं. तुलना करायचीच तर तीही करा.

पाऊलवाट

@तटबंदी, हेर होते यावर माझा वाद नाहीच. रोझेनबर्गने हेरगिरी केली, फुक्सने केली. माझा वाद उपायाशी आहे. बेंटली १९४५ मध्ये फुटल्याचं कळताच सोव्हिएत गुप्तहेरांनी अमेरिकेतली आपली बरीच कामं स्वतःच गुंडाळली. आदेश आला १९४७ मध्ये. आणि त्या आदेशाने किती हेर सापडले? १९५० मध्ये त्याच रिचर्डसन यांनी सिनेटच्या समितीपुढे साक्ष दिली की एवढ्या तपासण्यांत हेरगिरीचं एकही प्रकरण आढळलं नाही. हा कुणा डाव्या प्राध्यापकाचा आरोप नाही, यंत्रणेच्या प्रमुखाची साक्ष आहे.

ज्युडिथ कोप्लॉनचं बघा. ती न्याय खात्यातच होती आणि खरोखर हेर होती. तिला पकडलं व्हेनोनाच्या धाग्यावरून, मार्च १९४९ मध्ये. पुढे वॉरंटशिवाय अटक आणि फोन चोरून ऐकणं यामुळे तिची शिक्षा रद्द झाली. म्हणजे खऱ्या हेराला न्यायालयाचं संरक्षण मिळालं आणि बेलीला उलटतपासणीसुद्धा मिळाली नाही. प्रागशी तुलना करून हे कसं बरोबर ठरतं?

अबोली

मला दोघांच्याही म्हणण्यात राजकारण कमी पडलेलं दिसतंय. नोव्हेंबर १९४६ मध्ये रिपब्लिकन पक्षाने दोन्ही सभागृहं जिंकली. १२ मार्च १९४७ रोजी ट्रूमन यांनी ग्रीस आणि तुर्कस्तानसाठी ४० कोटी डॉलर मागितले, नऊ दिवसांनी हा आदेश आला. बाहेर कम्युनिस्टांशी लढायला पैसे मागायचे तर घरात ढिलाई दिसून चालणार नव्हती. ट्रूमन यांचे सल्लागार क्लार्क क्लिफर्ड यांनी पुढे एका मुलाखतीत सांगितलं की ट्रूमन यांना स्वतःला हा धोका फारसा खरा वाटत नव्हता, अडचण राजकीय होती. ज्याच्यावर स्वतःचा विश्वास नाही, त्यासाठी दुसऱ्याची भाकरी काढून घेणं मला मॅकार्थीपेक्षाही वाईट वाटतं.

नुकसान कुठवर गेलं पाहा. चीन कम्युनिस्टांच्या हाती गेला म्हणून जॉन सर्व्हिस, जॉन पेटन डेव्हिस अशा चीन जाणणाऱ्या परराष्ट्र खात्यातल्या अधिकाऱ्यांना काढलं. तिथला कम्युनिस्टविरोधी नेता च्यांग काय-शेक टिकणार नाही असं त्यांनी लिहून पाठवलं होतं आणि ते खरं ठरलं, हाच त्यांचा गुन्हा. व्हिएतनामच्या वेळी आमच्याकडे आशियाचे जाणकार उरलेच नव्हते, असं त्या वेळचे संरक्षणमंत्री रॉबर्ट मॅकनमारा यांनी पुढे स्वतः लिहिलं.

तटबंदी

@अबोली, क्लिफर्ड यांची मुलाखत ट्रूमन गेल्यानंतरची. नंतर हात झटकणं सोपं असतं. आणि त्याच ट्रूमन यांनी १९५० मध्ये कम्युनिस्ट संघटनांवर निर्बंध घालणाऱ्या मॅकॅरन कायद्यावर नकाराधिकार वापरला, काँग्रेसने म्हणजे अमेरिकी संसदेने तो धुडकावला. ट्रूमन यांनी १९४७ मध्ये काहीच केलं नसतं तर काँग्रेसनेच याहून कडक काहीतरी लादलं असतं.

@पाऊलवाट, निनावी खबऱ्यांबद्दल: व्हेनोना उघड करता येत नव्हतं म्हणून तर अडचण होती. शिवाय व्हेनोनाच्या कचेरीतच विल्यम वाइसबँड सोव्हिएतांचा माणूस निघाला. त्याच्यावरही हेरगिरीचा खटला भरता आला नाही. समन्स टाळल्याबद्दल एक वर्षाची कैद, बस. पुरावा कोर्टात नेता येत नसेल तर सरकारकडे नोकरीवरून दूर करण्याशिवाय काय उरतं?

खटलेबाज

थोडं कायद्याचं. एप्रिल १९५१ मध्ये कसोटी बदलली. आधी 'निष्ठा नसल्याचं मानायला वाजवी कारण' लागायचं, नंतर 'निष्ठेबद्दल वाजवी शंका' पुरेशी झाली. त्यामुळे आधी निर्दोष सुटलेल्यांच्या फायली पुन्हा उघडल्या. तटबंदींनी याचं समर्थन करून दाखवावं.

किंचित अवांतर, पण संबंध आहे. आपल्या सर्वोच्च न्यायालयापुढे १९८३ मध्ये मध्य प्रदेशातल्या रामशंकर रघुवंशी या शिक्षकाचं प्रकरण आलं. संघ आणि जनसंघाच्या कामात भाग घेतल्याचा पोलीस अहवाल, म्हणून नोकरी गेली. न्या. चिनप्पा रेड्डी यांनी त्याच्या बाजूने निकाल दिला आणि उमेदवाराच्या राजकीय मतांचा पोलीस अहवाल मागवणंच समान संधीच्या मुळावर येतं असं लिहिलं. अमेरिकेतल्या निष्ठा-प्रकरणांची चर्चाही त्यात आहे. तेव्हा हा प्रश्न डाव्यांपुरता नाही.

पाऊलवाट

@तटबंदी, काय उरतं ते ब्रिटनने १९४८ मध्ये दाखवलं. अ‍ॅटली सरकारने फक्त गोपनीय कामावरचे कम्युनिस्ट आणि फॅसिस्ट बाजूला काढले, आणि शक्य तिथे दुसऱ्या खात्यात बदली दिली. अणुबॉम्बच्या फायलीवर संशयित नको, हे कुणीही मान्य करेल. बेलीच्या हातात कुठली गुपितं होती? प्रशिक्षणाचे वर्ग?

तटबंदी

ब्रिटनचं उदाहरण तुम्ही द्यावं याचं नवल वाटतं. फुक्स तिथलाच. सोव्हिएतांसाठी हेरगिरी करणारे ब्रिटिश अधिकारी बर्जेस आणि मॅक्लीन मे १९५१ मध्ये पळाले, तेही तिथलेच. त्यांचा साथीदार, ब्रिटिश गुप्तहेर खात्यातला किम फिल्बीही. सौम्य पद्धतीची किंमत त्यांनी मोजली आणि अमेरिकेलाही मोजायला लावली. १९५१च्या कसोटीत पुराव्याची अट सैल होती हे खटलेबाजांचं म्हणणं मी मान्य करतो, पण तपासणीच नको होती हे मान्य करणार नाही.

पाऊलवाट

तपासणी नको असं मी कुठेच म्हटलेलं नाही. आरोप करणारा समोर हवा, एवढंच म्हणतोय. आणि फिल्बी १९४९ ते १९५१ वॉशिंग्टनलाच होता, निष्ठा मंडळं जोरात असताना. व्हेनोनाची माहिती त्याच्यापर्यंत पोचत होती. मॅक्लीन उघडा पडला तोही उकललेल्या तारांमुळे, रेड क्रॉसला कुणी पत्र लिहिलं याची चौकशी करून नव्हे. बेलीवर ठपका ठेवणाऱ्यांची नावं शेवटपर्यंत तिला कुणी सांगितली नाहीत. ती सांगितल्याने कुठलं गुपित फुटणार होतं, ते तुम्ही सांगा.