आतड्याच्या कर्करोगावर नॅनोकणांचा उपचार : त्यासाठी शस्त्रक्रिया लांबवावी का?

गुहागरची सून : माझ्या सासऱ्यांच्या शौचावाटे बरेच दिवस रक्त जात होते. मूळव्याध समजून घरगुती उपाय करण्यात वेळ गेला. अखेर चिपळूणला कोलोनोस्कोपी (नळीच्या कॅमेऱ्याने मोठ्या आतड्याची तपासणी) आणि बायोप्सी (तुकडा काढून तपासणी) झाली, तेव्हा मोठ्या आतड्याच्या शेवटच्या वळणावर कर्करोगाची गाठ असल्याचे निश्चित झाले. डॉक्टरांनी लवकर शस्त्रक्रिया करून घेण्यास सांगितले आहे. ठाण्याचे माझे दीर मात्र म्हणतात की, नॅनोकण औषध थेट गाठीत नेऊन सोडतात आणि चिरफाड टळते, म्हणून थोडे थांबावे. यात तथ्य किती आहे?

औषधशास्त्राचा शिक्षक, रत्नागिरी : कृपया थांबू नका. दिरांनी वाचलेले संशोधन खरे आहे, परंतु त्यावरून काढलेला निष्कर्ष घातक ठरू शकतो.

साधारण १ ते १०० नॅनोमीटर (नॅनोमीटर म्हणजे मीटरचा अब्जावा भाग) आकाराच्या कणांना नॅनोकण म्हणतात. गाठीतील नव्या रक्तवाहिन्या घाईने वाढलेल्या आणि सच्छिद्र असतात, शिवाय तेथील लसीकावहनही (पेशींभोवतीचा द्रव वाहून नेणारी व्यवस्था) दुबळे असते. त्यामुळे असे कण तेथे पाझरतात आणि रेंगाळतात, हे जपानी संशोधकांनी १९८६ मध्ये दाखवले. याच तत्त्वावर मेदाच्या सूक्ष्म पिशवीत भरलेले डॉक्सोरुबिसिन हे कर्करोगाचे औषध १९९५ मध्ये अमेरिकेत मान्य झाले. आतड्याच्या कर्करोगात वापरले जाणारे इरिनोटेकॅनही अशा पिशवीत भरले गेले, पण २०१५ मध्ये त्याला मान्यता मिळाली ती स्वादुपिंडाच्या कर्करोगासाठी. ‘थेट गाठीत’ हे शब्दही तपासून घ्यावेत. प्राण्यांवरील दहा वर्षांच्या प्रयोगांचा एक आढावा २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात टोचलेल्या मात्रेपैकी गाठीत पोहोचलेल्या कणांचे मध्यक (सर्व आकडे क्रमाने लावल्यावर मधोमध येणारे) प्रमाण अवघे ०.७ टक्के निघाले, कारण बराचसा भाग यकृत आणि प्लीहा अडवून धरतात. सोन्याचे कण प्रकाशाने तापवून गाठ जाळणे किंवा लोहाच्या कणांनी एमआरआयमध्ये ती उठून दिसावी असे पाहणे, हे प्रयोग मला मनापासून महत्त्वाचे वाटतात. तरीही जी गाठ आज संपूर्ण काढता येण्याजोगी आहे, तिच्यासाठी शस्त्रक्रियेला पर्याय ठरेल असा नॅनोउपचार सध्या नेहमीच्या वापरात नाही.

निदानात मात्र नॅनोकण कधीच आपल्यापर्यंत पोहोचले आहेत. शौचातील न दिसणारे रक्त शोधणाऱ्या अनेक झटपट चाचण्यांच्या पट्टीवर उमटणारी लाल रेघ ही सोन्याच्या नॅनोकणांचीच असते. तुमच्या यजमानांनी आणि दिरांनी मात्र केवळ पट्टीवर विसंबू नये. वडिलांना हा रोग झाला असल्याने त्यांनी चाळिशीत, किंवा वडिलांच्या निदानाच्या वयापेक्षा दहा वर्षे आधी, यांपैकी जे लवकर येईल तेव्हा कोलोनोस्कोपी करून घ्यावी, असा सर्वसाधारण सल्ला दिला जातो.

हर्णैचा मासळी व्यापारी : माझी शस्त्रक्रिया होऊन नंतर केमोथेरपीही झाली. सासरे मासळीच्या कामात असतील तर एक गोष्ट लक्षात ठेवा. केमोथेरपीत ऑक्झॅलिप्लॅटिन हे औषध दिले गेले, तर बर्फातल्या मासळीला हात लावताच बोटांत मुंग्या येतात आणि थंड पाण्याचा घोटही घशात टोचतो. हातमोजे वापरा, पाणी कोमट द्या. मुंग्या दोन डोसांच्या मधल्या दिवसांतही जात नसतील, तर पुढच्या डोसाआधी डॉक्टरांना अवश्य सांगा, कारण ते मात्रा कमी करू शकतात. खर्चासाठी महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेची चौकशी रुग्णालयातील आरोग्यमित्राकडे (योजनेच्या मदतनीसाकडे) करा.

गुहागरची सून : आपणा दोघांची मी मनापासून आभारी आहे. दिरांना एका खाजगी ठिकाणी नॅनोउपचाराची ‘चाचणी’ चालू असल्याचे कळले आहे, आणि तेथे आगाऊ रक्कम मागत आहेत.

औषधशास्त्राचा शिक्षक, रत्नागिरी : भारतातील औषधचाचण्यांची नोंदणी सीटीआरआय या सरकारी नोंदवहीत २००९ पासून सक्तीची आहे आणि ती नोंद कोणालाही पाहता येते. त्यांच्याकडे नोंदणी क्रमांक, नैतिकता समितीची मंजुरी आणि मराठीतील संमतिपत्र मागा. यांतले काहीही दाखवायला त्यांनी टाळाटाळ केली, किंवा प्रायोगिक औषधाचेच पैसे मागितले, तर एक रुपयाही देऊ नका. शंका उरलीच तर बायोप्सीचा अहवाल आणि सीटी स्कॅन घेऊन परळच्या टाटा रुग्णालयात दुसरे मत घ्या, मात्र शस्त्रक्रियेची ठरलेली तारीख तोवर रद्द करू नका.