एलएसयू २०१९ : शाबासकी एकट्या जो ब्रेडीलाच का?

तिसरा_डाउन

अमेरिकन कॉलेज फुटबॉल न बघणाऱ्यांसाठी आधी थोडक्यात. लुइझियाना स्टेट, म्हणजे एलएसयू. २०१८ मध्ये त्यांचा क्वार्टरबॅक (बॉल फेकून हल्ला चालवणारा) जो बरो याचे १६ टचडाउन (थेट गुण देणारे) पास आणि ५७.८ टक्के पास पूर्ण. वाईट नाही, पण रात्री जागून बघावं असंही काही नाही. २०१९ मध्ये त्याच पोराचे ६० टचडाउन, ७६.३ टक्के. टीम १५-० (पंधरा जिंकले, एकही हरले नाहीत), शेवटच्या सामन्यात क्लेम्सनला ४२-२५ ने लोळवलं.

मधल्या काळात काय झालं? जानेवारी २०१९ मध्ये एनएफएल या व्यावसायिक लीगमधल्या न्यू ऑर्लिन्स सेंट्सकडून जो ब्रेडी नावाचा २९ वर्षांचा सहाय्यक आला. हुद्दा पासिंग गेम कोऑर्डिनेटर, म्हणजे पासच्या चाली आखणारा. झालं, सगळ्यांना उत्तर सापडलं. ब्रॉइल्स पुरस्कारही (देशातल्या सर्वोत्तम सहाय्यक प्रशिक्षकाला १९९६ पासून देतात तो) त्यालाच, आणि मोसम संपतो न संपतो तोच तो एनएफएलमध्ये कॅरोलायनाचा ऑफेन्सिव्ह कोऑर्डिनेटर (हल्ला सांभाळणारा मुख्य सहाय्यक).

पण एलएसयूचा ऑफेन्सिव्ह कोऑर्डिनेटर त्या वर्षी ब्रेडी नव्हताच. तो होता स्टीव्ह एन्समिंगर, साठी ओलांडलेला, एलएसयूचाच जुना क्वार्टरबॅक. बहुतेक प्ले (पुढची चाल) तोच द्यायचा. २०१६ मध्ये मोसम चालू असताना कोऑर्डिनेटरची जागा रिकामी झाली, तेव्हा गाडा ओढायला यालाच जुंपलं होतं. मोसम संपल्यावर बाजूला बसवलं, २०१८ मध्ये पुन्हा बोलावलं. माझं म्हणणं एवढंच की नवीन माणूस डोळ्यांत भरतो म्हणून श्रेय त्याच्याकडे जातं. जुना तिथेच असतो, म्हणून तो दिसेनासा होतो.

पाचवा_रिसीव्हर

असहमत, आणि जोरात. एन्समिंगर २०१८ मध्येही होता, बरोही होता. मग तेव्हा ६० टचडाउन कुठे गेले होते?

ब्रेडीने काय आणलं ते नीट बघा. एलएसयूची वर्षानुवर्षांची पद्धत म्हणजे दोन टाइट एंड, मागे फुलबॅक (दोन्ही अडवाअडवीचे दांडगे) आणि बॉल पोटाशी धरून धक्काबुक्की. ब्रेडीने रनिंग बॅकलासुद्धा (एरवी बॉल घेऊन पळणारा) बाहेर पाठवलं. पाच जण पास घ्यायला धावणार आणि बरोच्या संरक्षणाला लाइनचे (समोरच्यांना अडवणारे) फक्त पाच. समोरून सहावा माणूस आला तर त्याला अडवायला कोणीच नाही. बरोने तो स्नॅपआधीच (बॉल खेळात येण्याआधीच) हेरायचा आणि बॉल सोडून मोकळं व्हायचं.

७ सप्टेंबर, टेक्सासविरुद्ध त्यांच्याच मैदानावर. स्कोअर ३७-३१, एलएसयू पुढे, तीन मिनिटंही उरलेली नाहीत, तिसरा डाउन (चार प्रयत्नांतला तिसरा) आणि बॉल राखायला १७ यार्ड हवेत. जुनी एलएसयू इथे काय करती? मधून पळवायची, घड्याळ खायची, पंट करायची (बॉल लाथेने दूर समोरच्यांकडे) आणि देवाचं नाव घ्यायची. यांनी पास टाकला. टेक्सासने ब्लिट्झ (बरोवर जास्तीची माणसं) पाठवला होता, बरो त्यातून सुटला, जस्टिन जेफरसनला बॉल, ६१ यार्ड, टचडाउन. ही हिंमत एलएसयूच्या गावच्या, बॅटन रूजच्या पाण्यात नव्हती, ती सेंट्सकडून आली.

तिसरा_डाउन

२०१८ चे टचडाउन कुठे गेले होते म्हणता? १ जानेवारी २०१९ चा फिएस्टा बोल (मोसमाअखेरचा मानाचा सामना) बघा. सेंट्रल फ्लोरिडा, म्हणजे यूसीएफविरुद्ध बरो ३९४ यार्ड, ४ टचडाउन, ४०-३२ ने जिंकले. ब्रेडी त्या दिवशी अजून सेंट्सच्या पगारावर होता! म्हणजे पोरगा आधीच उमलत होता. ओहायो स्टेटहून आल्यावर एलएसयूतलं त्याचं ते पहिलंच वर्ष. दुसऱ्या वर्षी मुलं सुधारतात, त्याला काही जादूगार लागत नाही.

पाचवा_रिसीव्हर

एका बोल गेमवरून? यूसीएफचा बचाव म्हणजे काय अलाबामा होता का?

बाकावरचा

तुम्ही दोघं सुनेच्या कौतुकावरून भांडताय, घर कोणाचं ते विसरून. हेड कोच एड ऑर्जेरॉन. ब्रेडीला शोधला कोणी? एन्समिंगरला ठेवला कोणी? साठीचा कोऑर्डिनेटर आणि त्याच्या निम्म्या वयाचा पोरगा यांना एका खोलीत बसवून तलवारी उपसू दिल्या नाहीत, ते कोणी?

अलाबामाचा हेड कोच निक सेबन, त्याचं उदाहरण घ्या. अलाबामाचे ऑफेन्सिव्ह कोऑर्डिनेटर २०१६ ला लेन किफिन, २०१७ ला ब्रायन डेबोल, २०१८ ला माइक लॉक्सली, २०१९ आणि २०२० ला स्टीव्ह सार्किशन. त्या काळात २०१७ आणि २०२० अशी दोन विजेतेपदं, दोन वेगळ्या कोऑर्डिनेटरांबरोबर. किफिनला तर २०१६ च्या अंतिम सामन्याच्या आठवडाभर आधी वाटेला लावलं. सहाय्यक येतात, जातात. सेबन २०२३ च्या मोसमापर्यंत तिथेच.

डबा_घेऊन_चला

बाकावरचा, तो किफिनचा दाखला तुमच्यावरच उलटतोय. त्याला काढून सार्किशनच्या हाती सूत्रं दिली आणि तोच सामना अलाबामा क्लेम्सनकडून ३५-३१ ने हरली. सगळं त्यामुळेच झालं असं मी म्हणणार नाही (शेवटच्या क्षणाचा पास होता, काहीही घडू शकतं). पण "सहाय्यक येतात, जातात" हे इतकं बिनधास्त म्हणू नका.

आणि समोरच्या बाजूला प्रशिक्षक असतात की नाही? सगळे ब्रेडी-एन्समिंगर करताय. डेव्ह अरांडा कुठे गेला? एलएसयूचा डिफेन्सिव्ह कोऑर्डिनेटर, वर्षाला २५ लाख डॉलर, तेव्हा देशातल्या सगळ्यात महागड्या सहाय्यकांपैकी एक. अर्धा मोसम त्याच्या बचावाने शिव्या खाल्ल्या, आणि रास्त खाल्ल्या. टेक्सासने ३८ गुण काढले, ओल मिसने (मिसिसिपी विद्यापीठ) ३७, अलाबामाने ४१. मग एसईसीच्या (एलएसयूची लीग) अंतिम सामन्यात जॉर्जियाला १० वर रोखलं. क्लेम्सनला २५.

आता २०२०. ब्रेडी गेला आणि टीम ५-५ वर घसरली, हे सगळे सांगतात. पहिलाच सामना बघा. मिसिसिपी स्टेटच्या क्वार्टरबॅकने यांच्याविरुद्ध ६२३ यार्ड फेकले, एसईसीचा विक्रम. स्कोअर ४४-३४. चौतीस गुण करूनही हरलात तर ती जखम पासिंग गेमची नाही, बचावाची आहे. आणि अरांडा तेव्हा बेलरचा हेड कोच झाला होता. २०२१ मध्ये त्याने त्यांना बिग ट्वेल्व्ह ही लीग जिंकून दिली.

मी मुळात बड फॉस्टरच्या पंथातला, हे सांगून टाकतो. व्हर्जिनिया टेक. १९८७ पासून फ्रँक बीमरबरोबर, १९९५ पासून २०१९ पर्यंत बचावाची धुरा. त्याच्या बचावफळीचं निशाण म्हणजे खाणकामगार नेतात तसा पत्र्याचा, पोचे पडलेला जेवणाचा डबा. खेळाडू तो हातात घेऊन मैदानात उतरायचे. एवढी वर्षं राहिला, पण हेड कोच कधीच झाला नाही. बीमर निवृत्त झाला, नवा हेड कोच आला, त्यानेही फॉस्टरला हात लावला नाही. आता सांगा, त्या घरात येऊनजाऊन कोण होतं?

आकडेमोड्या

२०२० बद्दल एक खडा टाकतो. ब्रेडी गेला, अरांडा गेला, बरो गेला. एनएफएल ड्राफ्टमध्ये (व्यावसायिक टीम खेळाडू निवडतात त्यात) १४ खेळाडू गेले, त्यातले पाच पहिल्या फेरीत. रिसीव्हर जमार चेसने तो मोसम खेळायचाच नाही असं ठरवलं. वर महामारी. इतक्या गोष्टी एकदम बदलल्यावर त्यातला एक माणूस उचलून "हा गेला म्हणून कोसळले" म्हणणं म्हणजे कावळा बसायला आणि फांदी मोडायला. अरांडाच्या बाबतीतही तेच लागू, डबेवाले.

अॅन_आर्बरकर

मग एकच गोष्ट बदललेली हवी ना? घ्या मिशिगन २०२३. मोसम तोच, खेळाडू तेच, फक्त हेड कोच गायब. जिम हार्बॉ निलंबनामुळे नियमित मोसमातल्या १२ पैकी ६ सामन्यांना मैदानावर नव्हता, पहिले तीन आणि शेवटचे तीन. सहाही जिंकले. पहिला डिफेन्सिव्ह कोऑर्डिनेटर जेसी मिंटरने सांभाळला. दुसरा तर मधोमध चिरला, एक हाफ एका सहाय्यकाकडे, दुसरा दुसऱ्याकडे. तिसरा आणि शेवटचे तीन शेरॉन मूरकडे. तो ऑफेन्सिव्ह कोऑर्डिनेटर, ऑफेन्सिव्ह लाइनचा कोचही तोच, वर आता हंगामी हेड कोच.

पेन स्टेटविरुद्ध त्याने काय केलं माहितीये? सामन्याच्या मध्यापासून ओळीने ३२ वेळा बॉल पळवला. लाइनच्या कोचच्या हातात कारभार आला की असंच होणार, स्वतःच्या पोरांवर विश्वास! २४-१५ ने जिंकले आणि तो कॅमेऱ्यासमोर ढसाढसा रडला. दोन आठवड्यांनी ओहायो स्टेटलाही ३०-२४. शेवटी १५-०.

बाकावरचा

गायब कुठे? निलंबन सामन्याच्या दिवसापुरतं होतं. शेवटच्या तीन सामन्यांच्या वेळी आठवडाभर सराव हार्बॉच घेत होता. शनिवारी स्वयंपाकघरात नव्हता, पण भाजी चिरून, फोडणी करून गेला होता. तुमच्या उदाहरणातून सिद्ध होतं ते इतकंच, की शनिवारी बाजूला उभं राहून हेडसेट फेकणं हे हेड कोचचं खरं काम नाही.

अॅन_आर्बरकर

हे मान्य. पण मग शनिवारचं खरं काम कोणाचं, तेही तुम्हीच सांगितलंत.

टॅकलची_आई

मी सहसा वाचूनच निघून जाते, आज राहवलं नाही. माझा मुलगा इथे अमेरिकेतच शाळेच्या टीममध्ये लेफ्ट टॅकल (लाइनमधली एक जागा) खेळतो. कॉलेज फार पुढची गोष्ट, पण सराव कसा चालतो ते मी तीन वर्षं गॅलरीच्या फळीवर बसून बघतेय. हेड कोचचा आवाज मैदानभर ऐकू येतो. लाइनचा कोच कोपऱ्यात पाच जाडजूड मुलांना घेऊन उभा असतो आणि पाऊण तास एकच गोष्ट चाललेली असते, पहिलं पाऊल. सहा इंच, जास्त नाही. पाऊल मोठं पडलं की वजन हवेत जातं आणि समोरचा उलथवून टाकतो. मग हात: अंगठे वर, कोपर आत, पंजा समोरच्याच्या छातीवर. माझा मुलगा हात बाहेरून घालायचा. कोच त्याच्या काखेत दुमडलेला टॉवेल ठेवायचा आणि तो खाली पडला की पुन्हा पहिल्यापासून. घरी येऊन हा दाराच्या चौकटीवर तेच करायचा, रंग उडालाय तिथला.

सामन्यात यातलं काहीच दिसत नाही. सगळे बॉलकडे बघत असतात. मीसुद्धा लाइनकडे बघायला शिकले ती मुलगा तिथे उभा राहिल्यावर.

म्हणून पाचवा_रिसीव्हर यांना विचारायचंय. तुम्हीच लिहिलंय की पाच जण बाहेर धावणार आणि संरक्षणाला फक्त पाच. त्या पाचांना कोणी तयार केलं?

तिसरा_डाउन

ताई, प्रश्न मर्मावर आहे. त्यावर येतो, आधी एक राहिलेलं लिहितो, कारण एन्समिंगरचं नाव मी काढलं ते याच्याचसाठी.

२८ डिसेंबर २०१९, पीच बोल, ओक्लाहोमाविरुद्धचा उपांत्य सामना. सामन्याच्या काही तास आधी लुइझियानात एक छोटं विमान कोसळलं. एन्समिंगरची सून त्यात गेली. ती हाच सामना बघायला निघाली होती. ऑर्जेरॉनने त्याला स्वतः बातमी सांगितली. तरी हा माणूस वर बूथमध्ये जाऊन बसला आणि प्ले देत राहिला. तेव्हा कॉलेजात हेल्मेटमध्ये रेडिओ नव्हता (तो २०२४ पासून आला). वरून खाली हेडसेटवर, तिथून हाताच्या खुणांनी बरोकडे. बरोने पहिल्या हाफमध्ये सात टचडाउन पास टाकले. सात! अंतिम स्कोअर ६३-२८.

पाचवा_रिसीव्हर

त्या दिवसाबद्दल माझी टोपी काढलेलीच आहे. पण प्ले देणं वेगळं आणि ज्या वहीतून प्ले दिला ती वही लिहिणं वेगळं. वहीत ब्रेडीचं अक्षर होतं, यावरून मी हलणार नाही. नंतर कॅरोलायनाने त्याला २०२१ च्या मोसमातच मध्येच काढलं, हे कोणी तोंडावर मारायच्या आधी मीच सांगतो. आणि २०२४ मध्ये बफेलोचा क्वार्टरबॅक जॉश ॲलन एमव्हीपी (मोसमाचा सर्वात मोलाचा खेळाडू) झाला तेव्हा कोऑर्डिनेटर कोण होता, तेही बघा.

आकडेमोड्या

म्हणजे बरो असला की ब्रेडी हुशार, जॉश ॲलन असला की ब्रेडी हुशार. चालू द्या.

बाकावरचा

जाता जाता: ऑर्जेरॉन स्वतः मायामीचा डिफेन्सिव्ह लाइन कोच होता, १९८९ आणि १९९१ च्या विजेत्या टीममध्ये. मग ओल मिसचा हेड कोच झाला, तीन वर्षांत १०-२५, हकालपट्टी. पुन्हा सहाय्यक म्हणून राबला. तेव्हा "हेड कोच विरुद्ध सहाय्यक" अशी दोन गावं नाहीत, एकाच रस्त्यावरची माणसं आहेत. मत मात्र तेच.

टॅकलची_आई

माझ्या प्रश्नाचं उत्तर अजून कोणी दिलं नाही.

डबा_घेऊन_चला

खरंय की. २०१९ चा जो मूर पुरस्कार, देशातल्या सर्वोत्तम ऑफेन्सिव्ह लाइनचा, एलएसयूलाच मिळाला होता. सबंध धाग्यात एकाने उल्लेख केला नाही, मीही नाही. लाइनचा कोच कोण होता, सांगा कोणीतरी.

तिसरा_डाउन

शोधून आलो. जेम्स क्रेग. धागा मी काढला, सहाय्यकांना श्रेय द्या म्हणून बोंब मारली, आणि हे नाव मला शोधावं लागलं.