मदत हवी आहे: दुकानात चेहरा ओळखणारे कॅमेरे कायद्यात बसतात का?

पदरकाठ
ठाण्यात साड्यांचं दोन मजली दुकान आहे. ८ कॅमेरे, १६ चॅनेलचा एनव्हीआर (चित्रीकरण साठवणारा रेकॉर्डर). सीसीटीव्हीवाल्याने नव्या कोटेशनमध्ये चेहरा ओळखायची सोय घातली आहे. तीन कामं होतील म्हणतो:
१) चोरी करताना सापडलेल्यांची यादी, त्यातलं कुणी परत आलं की मोबाइलवर अलर्ट
२) जुनं गिऱ्हाईक दारात आलं की काउंटरवर नाव आणि मागची खरेदी
३) रोज किती माणसं आली, वय आणि स्त्री-पुरुष अशा विभागणीसह
"आपण कॅमेऱ्याच्या निगराणीत आहात" ही पाटी आहेच, तेवढी पुरते असं त्याचं म्हणणं. खरंच पुरते का? नसेल तर नेमकं काय करावं लागेल?

कलम_कसाई
नाही पुरत. ती पाटी चित्रीकरणाची. चेहऱ्याचं मोजमाप काढून ते नावाशी जोडणं हा वेगळा मामला.

आज लागू आहे ते माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ४३अ आणि त्याखालचे २०११ चे नियम. त्यांत बायोमेट्रिक माहिती 'संवेदनशील' गटात येते आणि व्याख्येत बोटांचे ठसे, बुबुळं, आवाज यांच्या जोडीला चेहऱ्याची ठेवणही आहे. संमती लेखी हवी: पत्र, ईमेल किंवा फॅक्सने (हो, फॅक्स!). एकल मालकीची पेढीही यात येते, त्यामुळे "आमचं छोटं दुकान" चालत नाही.

पुढचा कायदा म्हणजे डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा, २०२३. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले. दुकानदारावरच्या मुख्य जबाबदाऱ्या १८ महिन्यांनी, म्हणजे मे २०२७ पासून लागू होतात आणि तेव्हाच ४३अ जातं. संमती मोकळेपणाने, ठरावीक कामापुरती, स्पष्ट कृतीतून दिलेली हवी. काढून घेणं देण्याइतकंच सोपं हवं. आणि ती घेतली होती हे सिद्ध करायचं ओझं तुमच्यावर. संमतीशिवाय चालणाऱ्या कामांची यादी कलम ७ मध्ये आहे, तिच्यात 'धंद्याची सोय' नाही.

खरी अडचण तुमच्या क्र. २ मध्ये आहे. समजा ४०० गिऱ्हाइकांनी रीतसर फॉर्म भरून दिला. त्यांना दारात ओळखायचं तर यंत्राला आत येणाऱ्या *प्रत्येकाचा* चेहरा मोजून यादीशी ताडावा लागतो. फॉर्म न भरलेल्या ४०१ व्या बाईंची संमती कुठे आहे? आणि त्यांच्या कडेवरच्या पोराची? १८ वर्षांखालच्यांसाठी पालकांची पडताळलेली संमती लागते, शिवाय त्यांचा माग ठेवायला मनाई आहे.

लेन्सवाला
तांत्रिक बाजू.

क्र. ३ साठी चेहरा लागतच नाही. दारावर छतातून सरळ खाली बघणारा काउंटिंग कॅमेरा लावा. तो डोकी मोजतो. वय-लिंगाचा अंदाज तसाही विनोदी असतो.

क्र. १ चा हिशोब करून बघा. यादीत ५०० चेहरे, दिवसाला ३०० माणसं, म्हणजे रोज दीड लाख तुलना. दर १०,००० तुलनांत एक चुकीची जुळणी धरली तरी दिवसाला १५ खोटे अलर्ट. जुळणीची मर्यादा कडक केली की खोटे अलर्ट घटतात, पण खरा माणूसही निसटतो. त्यात दारामागून येणारा उजेड, वरून घेतलेला कोन आणि यादीतला धूसर स्क्रीनशॉट. अमेरिकेतल्या राइट एड या औषध दुकानांच्या साखळीचं असंच झालं: निकृष्ट फोटो, अचूकतेची चाचणी नाही, निष्पाप गिऱ्हाइकांवर संशय. डिसेंबर २०२३ मध्ये तिथल्या फेडरल ट्रेड कमिशनने त्यांना अशा वापरावर पाच वर्षांची बंदी घातली.

एनव्हीआरमध्ये 'स्ट्रेंजर' किंवा अनोळखी चेहरे आपोआप साठवायची सोय असेल तर आधी ती बंद करा. ॲपमधून नाव पुसलं तरी चेहऱ्याचा साचा (साठवलेलं मोजमाप) एनव्हीआरमध्ये, बॅकअपमध्ये आणि विक्रेत्याच्या क्लाउडवर राहू शकतो. तीन्ही ठिकाणी तपासा.

वकिली_चष्मा
कलम_कसाईंशी एका मुद्द्यावर असहमत. नव्या कायद्याच्या कलम १७(१)(ग) मध्ये गुन्हा रोखणं वा शोधणं यासाठीच्या वापराला बरीच सूट आहे आणि ती फक्त सरकारपुरती असं तिथे लिहिलेलं नाही. क्र. १ साठी हा युक्तिवाद होऊ शकतो.

कलम_कसाई
होऊ शकतो, मान्य. पण टिकेलच म्हणून पैसे घालू नका. आणि सूट मिळाली तरी डेटा सुरक्षित ठेवायची जबाबदारी सुटत नाही. तिथल्या कसुरीला दंडाची कमाल मर्यादा २५० कोटी. ही सूट नसेल तेव्हा गळती झाली तर डेटा संरक्षण मंडळाला ७२ तासांत तपशील द्यायचा असतो, संबंधित गिऱ्हाइकांनाही कळवायचं.

वकिली_चष्मा
ते खरं. चोरीसाठी साधा मार्ग: त्या वेळचं चित्रीकरण वेगळं काढून हॅशसह (फाइलचा डिजिटल ठसा) ठेवा, भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र जोडा, पोलिसांकडे द्या. व्यापाऱ्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर "चोर, सावधान" असं फोटोसकट टाकू नका. माणूस चुकीचा निघाला तर बदनामीचा खटला.

पदरकाठ
सगळ्यांचे आभार. क्र. १ आणि ३ तसंच करतो. क्र. २ चं मात्र मालकांनी मनावर घेतलंय.

लेन्सवाला
मग दारावर नको. काउंटरवर टॅब्लेट ठेवा, गिऱ्हाईक आपणहून समोर उभं राहील तेव्हाच कॅमेरा सुरू होईल असा. साचे स्थानिक डिस्कवर एन्क्रिप्ट करून, प्रत्येक कर्मचाऱ्याला वेगळं लॉगिन. कोणी कधी काय उघडलं त्या नोंदी किमान एक वर्ष ठेवा.

कलम_कसाई
टॅब्लेटवर आधी हा मजकूर, मग दोन सारख्या आकाराची बटणं. आधीच टिक केलेली चौकट नको. मराठी-इंग्रजी दोन्ही ठेवा. राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या बाकी भाषांचाही पर्याय द्यावा लागेल.

"आपली मागची खरेदी दाखवण्यासाठी आम्ही आपल्या चेहऱ्याचं मोजमाप साठवू इच्छितो. दुसऱ्या कामासाठी ते वापरणार नाही, कुणाला देणार नाही. नको असल्यास मोबाइल नंबर सांगूनही हेच काम होईल. संमती कधीही इथेच, याच पडद्यावर काढून घेता येईल. तक्रारीसाठी: (नाव, फोन). तिथे दाद न मिळाल्यास डेटा संरक्षण मंडळाकडे जाता येईल."

तिसरं वाक्य मालकांना वाचून दाखवा. मोबाइल नंबरने काम होतंय, मग टॅब्लेटचा खर्च कशाला, हे तेच विचारतील.