कोरमने वाचूनही जुने मूल्य का मिळते?

प्रश्न:
आमच्या डेटाबेसमध्ये प्रत्येक नोंदीच्या ३ प्रती वेगवेगळ्या नोडवर (सर्व्हरवर) असतात. २ प्रतींनी स्वीकारले की लेखन यशस्वी मानले जाते आणि वाचनही २ प्रतींकडून होते. बेरीज ४ म्हणजे ३ पेक्षा जास्त, त्यामुळे प्रत्येक वाचनात किमान एक अद्ययावत प्रत यायलाच हवी. असे असूनही एका क्लायंटला नवे मूल्य मिळाल्यानंतर काही मिलिसेकंदांनी दुसऱ्या क्लायंटला जुने मूल्य मिळाल्याचे चाचणीच्या लॉगमध्ये स्पष्ट दिसते. त्या वेळी एकही नोड बंद नव्हता. हे कोरमच्या (ठरावीक किमान प्रतींनी प्रतिसाद देण्याच्या) नियमात बसते का, आणि बसत असेल तर उपाय काय?

उत्तर १:
बसते. कोरमची हमी पूर्ण झालेल्या लेखनापुरतीच असते. चालू असलेल्या लेखनाबद्दल तो नियम काहीच सांगत नाही. प्रतींना अ, ब आणि क म्हणू. नवे मूल्य अजून फक्त अ वर पोहोचले आहे, ब आणि क कडे जाणारे संदेश वाटेत आहेत. पहिला क्लायंट अ आणि ब कडून वाचतो, दोन टाइमस्टॅम्पची तुलना करतो आणि नवे मूल्य घेतो. ते वाचन संपल्यावर दुसरा क्लायंट ब आणि क कडून वाचतो. दोन्हींकडे अजून जुनेच मूल्य असल्याने त्याला तेच मिळते. कोणत्याही नोडने चूक केलेली नाही, तरीही हर्लिही आणि विंग यांनी १९९० मध्ये मांडलेली लिनिअरायझेबिलिटी इथे मोडते, कारण एकदा दिसलेले नवे मूल्य नंतर सुरू झालेल्या प्रत्येक वाचनाला दिसलेच पाहिजे, अशी तिची अट आहे.

उपाय अत्तिया, बार-नॉय आणि डोलेव्ह यांच्या १९९५ च्या शोधनिबंधात आहे. वाचणाऱ्याने सापडलेले सर्वांत नवे मूल्य बहुसंख्य प्रतींवर परत लिहावे आणि त्यांची पोच आल्यावरच ते क्लायंटला द्यावे. पार्श्वभूमीत सावकाश चालणारे रीड रिपेअर (वाचताना जुन्या आढळलेल्या प्रती अद्ययावत करणे) इथे उपयोगाचे नाही. दुरुस्ती उत्तर देण्यापूर्वीच पूर्ण झाली पाहिजे. प्रतींमध्ये फरक आढळला की वाचनाला नेटवर्कची आणखी एक फेरी लागेल, आणि ती वाचवण्याचा मोह माझ्या मते टाळावा.

उत्तर २:
वरील विवेचन बरोबर आहे. त्यात अयशस्वी लेखनाची भर घालतो. अ ने मूल्य स्वीकारले, पण ब आणि क कडून मुदतीत पोच आली नाही, तर क्लायंटला त्रुटी कळवली जाते; मात्र अ वरील मूल्य कोणी मागे घेत नाही. पुढे एखाद्या वाचनात ते सापडले की रीड रिपेअर तेच मूल्य सगळीकडे पसरवते. म्हणून टाइमआउटचा अर्थ ‘लिहिले गेले नाही’ असा न घेता ‘निकाल अनिश्चित आहे’ असाच घ्यावा आणि पुन्हा पाठवल्याने परिणाम दुप्पट होणार नाही, अशी विनंतीची रचना ठेवावी.

प्रश्नकर्ता:
दोघांचेही आभार. वाचताना परत लिहिण्याची व्यवस्था केली, तर ‘शिल्लक १ असेल तरच ० करा’ अशी सशर्त लेखने या पद्धतीने सुरक्षित होतील का?

उत्तर १:
नाही, हा भेद फार महत्त्वाचा आहे. दोन क्लायंट एकाच वेळी १ वाचतील, दोघांनाही अट पूर्ण झालेली दिसेल आणि दोघेही ० लिहितील. त्यांपैकी कोण आधी हे सर्व प्रतींनी मिळून ठरवणे म्हणजेच कन्सेन्सस, आणि निव्वळ वाचन-लेखनाच्या क्रियांतून तो बिघाडसहिष्णू रीतीने साधत नाही, हे हर्लिही यांनी १९९१ मध्ये दाखवले. त्यासाठी पॅक्सॉस किंवा राफ्ट यांसारखा कन्सेन्ससचा अल्गोरिदम लागतो. कॅसँड्रा ही डेटाबेस प्रणालीसुद्धा साध्या लेखनासाठी कोरम वापरू देते, पण सशर्त लेखनासाठी पॅक्सॉसकडे वळते. तुमच्याकडे अशी लेखने मोजक्याच नोंदींवर होत असतील, तर तेवढ्यांनाच कन्सेन्ससच्या मार्गाने न्यावे. मात्र त्या नोंदींवर एकही साधे लेखन होऊ देऊ नये, कारण ते पॅक्सॉसने ठरवलेला क्रम जुमानत नाही.