क्वेरी रद्द केली, तरी चालूच! दोष डेटाबेसचा की आपला?

रात्रपाळी: महिनाअखेर. हिशेब विभागातल्या बाईंनी थकबाकीचा रिपोर्ट मागवला. नुसतं चक्र फिरतंय म्हणून टॅब बंद केला, परत उघडला, परत बटण दाबलं. असं पाच वेळा. मी पोस्टग्रेसमध्ये (आमचा डेटाबेस) बघतो तर पाचही क्वेऱ्या, म्हणजे डेटाबेसकडे केलेल्या मागण्या, 'ॲक्टिव्ह', सगळ्यात जुनी ४० मिनिटांची. माझं म्हणणं एवढंच, की मागणारा उठून गेला हे डेटाबेसला स्वतःहून कळायला हवं. २०२१च्या १४व्या आवृत्तीत तशी सोय आली, क्लायंट आहे की गेला हे ठरावीक वेळानं तपासायची. पण मुळात ती बंद! स्टेटमेंट टाइमआउट, म्हणजे क्वेरीची वेळमर्यादा, तीही शून्यच, म्हणजे मर्यादाच नाही. सीटबेल्ट द्यायचा, पण डिकीत ठेवून.

खवचट डीबीए: ती सोय चालू असती तरी बाईंना काडीचा उपयोग नव्हता. टॅब बंद केला की ब्राउझर आणि ॲपमधलं कनेक्शन तुटतं. ॲप आणि डेटाबेसमधलं शाबूत असतं, म्हणजे पोस्टग्रेसच्या लेखी गिऱ्हाईक काउंटरवर उभंच आहे. रद्द करायचं तर ॲपनं वेगळं कनेक्शन उघडून प्रोसेस नंबर आणि गुप्त किल्ली पाठवायची असते. ड्रायव्हरमध्ये (ॲपला डेटाबेसशी जोडणाऱ्या लायब्ररीत) त्याचं फंक्शन तयार मिळतं. तुमच्या डेव्हलपरनं ते कधी वापरलंय का, विचारा. उगाच डेटाबेसच्या नावानं खडे फोडू नका.

रात्रपाळी: नाही वापरलं, मान्य. पण थेट जोडलेली स्क्रिप्ट मध्येच मारली तरी तेच होतं की! सॉर्ट (ओळी क्रमानं लावणं) संपून पहिली ओळ पाठवायची वेळ येईपर्यंत त्याला पत्ताच नसतो.

निवांत: सिलेक्टच, म्हणजे नुसत्या वाचणाऱ्या क्वेऱ्याच आहेत ना? संपतील आपोआप. एवढं काय त्यात.

खवचट डीबीए: निवांतराव, सिलेक्टही टेबलावर हलकं लॉक धरतो. त्याच्यामागे कुणी ऑल्टर टेबल (टेबलाची रचना बदलायची आज्ञा) सोडलं की ते अडकतं, आणि मग त्या ऑल्टरच्या मागे सगळे साधे सिलेक्टसुद्धा रांगेत. वर व्हॅक्यूमला (पोस्टग्रेसच्या साफसफाईला) मेलेल्या, म्हणजे जुन्या बिनकामाच्या ओळी उचलता येत नाहीत, टेबल फुगत जातं. इथे मी रात्रपाळीच्या बाजूनं.

जुनं खोड: रद्द केलं म्हणजे थांबलं, हाच मुळात गैरसमज. मायएसक्यूएल या दुसऱ्या डेटाबेसवर आमचा दोन तासांचा अपडेट किल केला. यादीत 'किल्ड' दिसतंय, पण रोलबॅक (झालेले बदल मागे घेणं) चालू. साहेब म्हणाले, सर्व्हर रीस्टार्ट करा. केला. वर येताच इनोडीबीनं (मायएसक्यूएलचं साठवण इंजिन) उरलेला रोलबॅक पुन्हा हाती घेतला आणि त्या ओळींवरची लॉक तशीच! चहा पीत बसलो असतो तर निदान बाकीची कामं तरी चालू राहिली असती.

रात्रपाळी: म्हणूनच सगळ्यांना सरसकट ५ मिनिटांचा टाइमआउट लावावा.

खवचट डीबीए: आणि रात्रीचा बॅकअप?

रात्रपाळी: पीजी-डंप, म्हणजे पोस्टग्रेसचं बॅकअपचं टूल, स्वतःच्या सेशनपुरता टाइमआउट शून्य करून घेतो. बघा तपासून.

खवचट डीबीए: बरं, बॅकअप सुटला. मोठ्या टेबलावर इंडेक्स (शोधासाठीची सूची) बांधणं? रिपोर्टच्या युजरपुरता लावा, माझी ना नाही. सरसकट लावलात आणि इंडेक्स पाचव्या मिनिटाला मेला, तर रात्री २ वाजता फोन तुम्हालाच करणार.