यजमानांची शुश्रूषा आणि सुटलेली चित्रकला

प्रश्न: पक्षाघातामुळे यजमान अंथरुणाला खिळले आहेत आणि शय्याव्रण (सतत पडून राहिल्याने होणाऱ्या जखमा) होऊ नयेत म्हणून दर २ तासांनी त्यांची कूस बदलावी लागते. सोलापूरच्या सिद्धेश्वर तलावाकाठी बसून जलरंगात चित्रे काढणे त्यामुळे सुटले आहे. वेळ कसा काढावा?

उत्तर १: ताई, जलरंगाचा ओला थर मध्येच सोडता येत नाही, पेन्सिलीचे रेखाटन मात्र कोणत्याही क्षणी थांबवता येते, म्हणून कूस बदलल्यानंतर त्यांना आराम पडला, की तो वेळ रेखाटनासाठीच राखून ठेवावा. सोलापुरी चादरीवरील भौमितिक नक्षी घरबसल्या सरावासाठी उत्तम आहे.

उत्तर २: मीही पत्नीची शुश्रूषा करतो. आठवड्यातील एक सकाळ मुलांवर किंवा दिरांवर हक्काने सोपवा आणि तलावावर अवश्य जा. कूस कशी बदलायची, हे त्यांना आधी समोर करून दाखवा.